ती परत गेली. तिसऱ्यांदा.

थोरली:
बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज लिहितेय, कारण घरात हा विषय काढला की सगळे उठून जातात.

माझी धाकटी बहीण. लग्नाला ८ वर्षं, एक मुलगा. नवरा मारतो. रोज नाही. मधले महिने इतके चांगले जातात की त्यांना पाहून कुणाला सांगितलं तरी खरं वाटणार नाही. पहिल्यांदा ती माझ्याकडे आली तेव्हा १४ दिवस राहिली. दुसऱ्यांदा मुलाला घेऊन आली, अडीच महिने राहिली. तिसऱ्यांदा आली ती रात्री दीड वाजता. आवाज पूर्ण बसलेला, आणि एवढ्या उकाड्यात गळ्याभोवती रुमाल गुंडाळलेला. तेव्हा मी ठरवलं की आता ढिलाई नाही. तिला समोर बसवून वचन घेतलं की परत जायचं नाही. तिने दिलं. तिच्या फोनमध्ये त्याचा नंबर मी माझ्या हाताने ब्लॉक केला. रोज संध्याकाळी बघायचेही, उघडला का ते.

२२व्या दिवशी कामावरून आले तर घर रिकामं. अंथरुणांच्या घड्या घालून ठेवलेल्या, मुलाची पुस्तकं नेलेली. तिची छत्री तेवढी दारामागे राहिली होती. रात्री फोन आला. मी ऐकूनच घेतलं नाही. म्हटलं, "आता पुन्हा माझ्या दारात उभी राहू नकोस." ती एवढंच म्हणाली, "बरं, ताई."

त्याला १९ दिवस झाले. फोन नाही, मेसेज नाही.

ती शिकलेली आहे, कमावती आहे, ऑफिसात दहा माणसं तिच्या हाताखाली काम करतात. मला राग येतोय, रडू येतंय आणि खरंच समजत नाहीये. का जातात माणसं परत? ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा. मला चार शब्द सुनावलेत तरी चालेल.

कातळ:
कडू लागेल, आधीच माफी मागतो. तुम्ही तुमच्याकडून होतं ते केलंत. जाणतं माणूस स्वतःच्या पायांनी परत गेलं तर तो त्याचा निर्णय. आमच्या घरातल्या एका व्यक्तीसाठी आम्ही ६ वर्षं धावलो. वकील, डॉक्टर, रात्री-अपरात्री गाडी काढून जाणं. दर वेळी समेट झाला की आम्हीच वाईट, आम्हीच घर फोडणारे. त्या दगदगीत माझ्या वडिलांची तब्येत गेली, तेव्हा मी थांबलो. दार बंद केलंत त्याचं ओझं घेऊन बसू नका.

तिसरा_प्रहर:
कातळ, तुमचा थकवा खरा आहे, त्याबद्दल नंतर लिहिते. आधी थोरलींसाठी.

मी ४ वेळा परत गेले. पाचव्यांदा निघाले ती गेलेच नाही, त्याला आता ११ वर्षं झाली. लोक विचारतात "का गेलीस परत?", जणू चारही वेळा कारण एकच होतं.

पहिल्यांदा त्याच्यासाठी गेले. तो रडला, आणि ते रडणं खोटं नव्हतं. माझ्या लेखी त्या दिवशी मी मारणाऱ्याकडे गेलेच नव्हते. माझ्या आईच्या आजारपणात ज्याने सलग तीन रात्री दवाखान्यात जागून काढल्या, त्याच्याकडे गेले होते. तोही तोच होता ना.

दुसऱ्यांदा पैशापायी. पगार माझा, पण खातं दोघांचं, कार्ड त्याच्या पाकिटात, कर्जाच्या कागदावर दोघांच्या सह्या. "कमावती आहे" असं तुम्ही लिहिलंत म्हणून सांगते, कमावणं वेगळं आणि पैसा हातात असणं वेगळं. मी महिनाअखेरीला त्याच्याकडे प्रवासासाठी पैसे मागायचे.

तिसऱ्यांदा मुलीसाठी. तापात ती "बाबा कधी येणार" विचारत राहिली. शिवाय तो तिचा ताबा मागेल आणि मग तिच्या आणि त्याच्या मध्ये उभं राहायला मी नसेन, ही धास्ती.

चौथ्यांदा निव्वळ भीतीने. हे सगळ्यात कमी लोकांना पटतं. घरात असताना जिन्यावरच्या बुटांच्या आवाजावरून मला कळायचं, आजची रात्र कशी जाणार. बाहेर राहायला लागल्यावर तो कुठे आहे हेच कळेना. कधी ऑफिसच्या फाटकाशी दिसायचा, कधी शाळेबाहेर, मग चार दिवस कुठेच नाही. ते चार दिवस सगळ्यात वाईट. परत गेले त्या रात्री मी कित्येक आठवड्यांनी सलग झोपले.

आणि एक गोष्ट. वाईट वाटून घेऊ नका, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या मोठ्या भावानेही माझ्याकडून वचन घेतलं होतं. भाऊ देवमाणूस आहे. पण त्या दिवसापासून मला दोन ठिकाणी हिशोब द्यावा लागायला लागला. नवरा विचारायचा, कुठे होतीस, कुणाशी बोललीस. भाऊ विचारायचा, त्याचा फोन आला का, उचललास का, खरं सांग. माझा फोन दोघंही तपासायचे. भावाच्या मनात काय आहे ते मला माहीत होतं, तरी छातीतली धडधड दोन्हीकडे तीच. आणि वचन मोडून गेल्यावर त्याला तोंड दाखवायची सोय उरली नाही. पुढचे १४ महिने मी कुणालाच काही सांगितलं नाही. त्या १४ महिन्यांत जे झालं ते आधीच्या सगळ्या वर्षांत झालं नव्हतं.

थोरली:
फोन मीही तपासत होते.

आज यापुढे काही लिहवत नाही. पण लिहीत राहा, मी वाचतेय.

अक्षरवेल:
मी एका हेल्पलाइनवर स्वयंसेवक म्हणून ९ वर्षं फोन घेतेय. तिसरा_प्रहर यांनी जे सांगितलं, ते सगळं त्या फोनवर ऐकलंय. त्यामागे काय घडत असतं याबद्दल जे शिकले ते लिहिते. लांबेल.

लेनोर वॉकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मार सोसलेल्या स्त्रियांच्या मुलाखतींवरून १९७९ मध्ये हिंसेचं चक्र मांडलं. ताण साचत जातो, स्फोट होतो, मग पश्चात्ताप आणि लाड. आमच्याकडे फोन येतो तो बहुतेकदा स्फोटानंतर. चार दिवसांनी तीच बाई म्हणते, "आता सगळं ठीक आहे, मी उगाच तुम्हाला त्रास दिला." सगळ्या घरांत चक्र इतकं नीट फिरत नाही. काही ठिकाणी माफी कधी येतच नाही. काही ठिकाणी ती वर्षागणिक आखडत जाते आणि शेवटी ज्या दिवशी मार नाही तो दिवसच लाडाचा वाटायला लागतो.

ही अधूनमधून मिळणारी माया माणसाला इतकी का धरून ठेवते? चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेलं मोठं काम १९५७ मध्ये प्रसिद्ध झालं. प्रत्येक टोचीला दाणा मिळणारं कबूतर, दाणा बंद केला की थोड्या वेळात टोचणं सोडतं. ज्याला कधी मिळतो, कधी नाही, असं कबूतर कितीतरी जास्त वेळ टोचत राहतं. रोज वाईट वागणाऱ्याला सोडणं त्या मानाने सोपं असतं. परवा चांगला वागला, म्हणजे उद्याही वागेल, ही आशा फार चिवट असते.

डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर यांनी १९८१ मध्ये या जखडलेपणाला आघातातून जुळलेला बंध म्हटलं. तो जुळायला दोन गोष्टी लागतात. एकाच्या हातात सगळी सत्ता हवी, आणि चांगलं-वाईट आलटून पालटून, अंदाज न लागता वाट्याला यायला हवं. १९९३ मध्ये त्यांनी नुकत्याच बाहेर पडलेल्या ७५ स्त्रियांचा अभ्यास केला, त्यांच्या मनातली ओढ मोजली आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजली. ती सुमारे २७ टक्के कमी झाली होती. म्हणजे सहा महिने लांब राहूनही जवळजवळ पाऊण ओढ शिल्लक. थोरली, तुमची बहीण तुमच्याकडे २२ दिवस होती. त्या २२ दिवसांत तिला काय वाटत असेल ते तिने तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्हाला ऐकवलं असतं का?

कॅरल रुसबुल्ट यांनी जॉन मार्ट्झ यांच्याबरोबर १९९५ मध्ये आसरागृहातल्या स्त्रियांचा अभ्यास केला. कोण परत गेलं? जिच्याकडे दुसरे पर्याय कमी आणि जिचं त्या नात्यात जास्त गुंतलेलं, ती. वर्षं, मुलं, घर, नाव. प्रेम किती आहे एवढ्यावरून ते ठरत नव्हतं.

रानजाई:
याला स्टॉकहोम सिंड्रोम म्हणतात ना, धरून ठेवणाऱ्याबद्दलच माया वाटायला लागते तो? की तो फक्त ओलीस ठेवलेल्यांना होतो?

अक्षरवेल:
हा शब्द सर्रास वापरतात. मी वापरत नाही, त्याचं कारण सांगते. ऑगस्ट १९७३ मध्ये स्टॉकहोमच्या एका बँकेत दरोडेखोराने चार जणांना ओलीस धरलं. सहा दिवस ते चाललं. ओलिसांपैकी क्रिस्टिन एनमार्क हिने आतून पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याशी फोनवर बोलून विनवलं की आम्हाला दरोडेखोरांबरोबर बाहेर जाऊ द्या. तिला पोलिसांच्या कारवाईची जास्त भीती वाटत होती. बाहेरच्यांनी त्याला आजार ठरवलं. आतल्या बाईच्या बाजूने पाहा. समोरचा बंदूकवाला कसा वागतो याचा तिला अंदाज आलेला, बाहेरचे कधी घुसतील याचा नाही. तिसरा_प्रहर यांच्या बुटांच्या आवाजासारखंच आहे ते. मानसिक आजारांच्या निदानासाठी जे अमेरिकी वर्गीकरण वापरतात त्यात या सिंड्रोमला जागा नाही.

मार खाऊन माणूस हतबल होतो, हातपाय हलवणंच सोडतो, असंही म्हटलं जायचं. एडवर्ड गोंडॉल्फ आणि एलन फिशर यांनी टेक्सासमधल्या आसरागृहांतल्या ६,०००हून अधिक स्त्रियांची माहिती तपासली आणि १९८८ मध्ये लिहिलं की चित्र उलटं आहे. हिंसा वाढली तसं त्यांचं मदत मागणंही वाढलेलं होतं. त्या गप्प नव्हत्या. दारं ठोठावून झाली होती, पलीकडून पुरेसं कुणी उघडलं नव्हतं.

निवांत:
इथे सगळे "ती" लिहितायत, मी "तो" आहे. माझ्यावर कधी कुणी हात उचलला नाही. १० वर्षांत तिने माझे मित्र एकेक करून तोडले. आईशी बोललो की तीन-तीन दिवस अबोला. फोन, मेल, सगळ्याचे पासवर्ड तिच्याकडे. कुठल्या रस्त्याने आलो ते सांगायचं. दोनदा घर सोडलं. दोन्ही वेळा तिचा मेसेज आला की मी जिवाचं बरंवाईट करून घेते. दोन्ही वेळा धावत गेलो. तिसऱ्यांदा तसा मेसेज आला तेव्हा मी तिच्या भावाला आणि आपत्कालीन सेवेला फोन केला, स्वतः गेलो नाही. तिचा जीव सांभाळायचा म्हणजे मीच तिथे असायला हवं असं नाही, हे समजायला मला ४२ वर्षांचा व्हावं लागलं.

मित्राला सांगितलं होतं. तो म्हणाला, "मारत तर नाही ना?"

अक्षरवेल:
निवांत, लिहिलंत हे फार बरं केलंत. इव्हन स्टार्क यांनी २००७ मध्ये नेमकं हेच मांडलं की मार हा छळाचा एक भाग झाला. येणंजाणं, पैसा, माणसं, झोप, कपडे यांवर ताबा मिळवून दुसऱ्याचं जगणं आवळत नेणं हा त्याचा गाभा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५च्या कायद्याने असा ताबा गाजवणं हाच गुन्हा ठरवला, अंगावर एकही वळ नसला तरी. शिक्षा ५ वर्षांपर्यंत. अशा नात्यातून निघालेल्या माणसाला "आज काय घालू" एवढंही ठरवता येत नाही काही दिवस. परतणं सोपं वाटतं, कारण तिथे सगळं आधीच ठरलेलं असतं.

पारवा:
आई परत जायची तेव्हा गाडीत मागच्या सीटवर मी असायचो. मला आनंद व्हायचा. माझी खोली, माझी सायकल, माझे मित्र. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. मी ३४ वर्षांचा आहे.

थोरली, भाच्यावर राग धरू नका. आणि एक सांगतो. आम्ही ज्या मावशीकडे जायचो, तिने माझा टूथब्रश कधी टाकून दिला नाही. एकदा जवळजवळ दोन वर्षांनी गेलो तरी तो तिथेच ग्लासात उभा होता. मावशी काही बोलली नाही, आम्हीही नाही. पण ते मी पाहिलं होतं, आणि मला वाटतं आईनेही.

एकदाच_लिहितोय:
हा वेगळा आयडी आहे. डु (डुप्लिकेट) आयडी म्हणून उडवला तरी तक्रार नाही. मूळ नावाने लिहायची हिंमत नाही.

मी मारणारा होतो. माझी बायको तीन वेळा परत आली. आता ती नाही, घटस्फोट झाला, आणि झाला ते बरंच झालं.

वर कुणी लिहिलंय की रडणं खोटं नव्हतं. खरं आहे. पण रडताना माझं सगळं लक्ष ती येते की नाही याकडे असायचं. ती आली की मला हवं होतं ते मिळालेलं असायचं आणि बदलायचं कारण संपायचं. समुपदेशनाला दोनदा जायला लागलो. दोन्ही वेळा ती घरी आली त्याच आठवड्यात बंद केलं. तिने परत येणं म्हणजे तिने सगळं मान्य करणं, असा अर्थ मी लावायचो. पुढच्या भांडणात म्हणायचो, "एवढा वाईट होतो तर आलीस कशाला?"

मी नेहमी म्हणायचो, "हात उठला माझा." किती वर्षं. मग ज्या गटात जायला लागलो तिथल्या बाईंनी विचारलं, साहेबांवर कधी उठला का? शेजाऱ्यावर? रस्त्यात धक्का देणाऱ्यावर? नव्हता उठला. फक्त घरात, दार लावल्यावर. म्हणजे तो उठत नव्हता, मी उचलत होतो. हे वाक्य तोंडातून निघायला मला त्या गटात ७ महिने लागले.

कुणाकडून काही नको आहे. थोरलींनी विचारलं म्हणून लिहिलं. तिला परत आणणारे शब्द कसे तयार होतात ते मला माहीत आहे, एवढंच.

रानजाई:
वाचून अंगावर काटा आला. तुमच्याबद्दल काय वाटतंय ते मला सांगता येत नाही. पण ते "हात उठला" मी माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकलंय, शब्दशः.

तिसरा_प्रहर:
मला तुमच्याशी बोलायचं नाही. लिहिलंत ते खरं आहे.

अक्षरवेल:
समुपदेशनाबद्दल त्यांनी लिहिलंय त्याला आधार आहे. आसरागृहातून निघताना स्त्रिया परत जायचं कशावरून ठरवतात हे गोंडॉल्फ यांनी पाहिलं. नवरा समुपदेशनाला जायला लागला आहे, याचा त्यात फार मोठा वाटा निघाला. तो बदलला की नाही हे कळायच्या आधीच, नुसतं नाव नोंदवण्यावर. म्हणून कुणी विचारलं तर मी सांगते, तो काय म्हणतो ते बाजूला ठेवा. तुम्ही नाही म्हटल्यावर तो काय करतो ते पाहा, आणि तुम्ही लांब असतानाच पाहा.

थोरली, एक विचारायचं राहिलं. आवाज बसलेला, गळ्याला रुमाल असं तुम्ही लिहिलंत. त्याने गळा दाबला होता का?

थोरली:
हो. मी रुमाल सोडवला तेव्हा म्हणाली, "फार वेळ नाही." डॉक्टरकडे न्यायला हवं होतं हे मला आत्ता, तुमचा प्रश्न वाचून सुचतंय. मी त्या रात्री वचन घेत बसले होते.

अक्षरवेल:
स्वतःला बोल लावण्यात वेळ घालवू नका, मला हे तातडीने सांगायचंय. गळा दाबणं हा इतर मारासारखा मार नाही. जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ११ शहरांत जोडीदाराने केलेल्या स्त्रियांच्या खुनांचा अभ्यास केला, तो २००३ मध्ये आला. त्याच माहितीवरून २००८ मध्ये दिसलं की ज्यांचा गळा आधी दाबला गेला होता त्यांचा पुढे खून होण्याची शक्यता ७ पटींहून अधिक होती. बाहेरून खूण नसली तरी आत सूज किंवा रक्तवाहिनीला इजा असू शकते, ती काही दिवसांनीही उमटते. गिळताना दुखणं, आवाज बदलणं, चक्कर, एका बाजूला अशक्तपणा यातलं काहीही असेल तर लगेच दवाखाना. नसलं तरी एकदा दाखवायला हवं.

आणि सोडून निघण्याचा काळ सगळ्यात धोक्याचा असतो, हेही त्याच अभ्यासात आहे. फार ताबा गाजवणाऱ्या माणसाला सोडल्यावर तो धोका कितीतरी वाढतो. म्हणून "आत्ताच्या आत्ता निघ" असं मी फोनवर कुणालाही म्हणत नाही. कदाचित परत जाण्यात तिने हाच धोका तोलला असेल. आपल्याला तो तिच्याइतका नीट दिसत नाही.

कातळ:
तीन दिवस हे सगळं वाचतोय. माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही. पण ज्यांचा मी वर उल्लेख केला त्या व्यक्तीचा गळा दाबला होता का, हे मी ६ वर्षांत कधी विचारलं नाही. सगळं विचारलं, हे नाही.

माझा प्रश्न कायम आहे. मदत करणाऱ्याने किती काळ? माझे वडील त्यात खचले.

तिसरा_प्रहर:
वर लिहिते म्हटलं होतं ते हेच. सगळं करू नका. माझी एक मैत्रीण होती, तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "मी रात्री गाडी घेऊन येऊ शकणार नाही, पैसे देऊ शकणार नाही. पण दिवसा कधीही फोन कर, आणि तुझे कागद माझ्या कपाटात राहतील." तिने अट घातली नाही, तिची ताकद किती ते सांगितलं. मी चौथ्यांदा परत गेले तेव्हाही कागद तिच्याच कपाटात होते, तिने "घेऊन जा" म्हटलं नाही. पाचव्यांदा निघाले ती तिच्याकडे गेले, भावाकडे नाही. भावाला हे अजून लागतं. त्याने माझ्यासाठी दहापट जास्त केलं होतं.

थोरली:
माझं चुकलं कुठे ते कळलं. आता काय करू तेवढं सांगा. फोन करू? त्याच्या घरी जाऊ?

अक्षरवेल:
जाऊ नका. लांबलचक मेसेजही नको, तिचा फोन तो वाचतो असं धरूनच चाला. त्याने वाचला तरी काही वाटणार नाही आणि तिला मात्र कळेल, असं काहीतरी साधं. उत्तर मागू नका. माफीही आत्ता लिहून पाठवू नका, ती कशाबद्दल हे त्याने विचारलं तर तिला सांगत बसावं लागेल.

बोलणं सुरू झालं तर घाई नको. तुम्हा दोघींत एक खुणेचा शब्द ठरवा, साध्या बोलण्यात बसणारा, त्याचा अर्थ "कुणाला तरी पाठव". ओळखपत्रं, मुलाचे दाखले, बँकेचे कागद यांच्या प्रती घराबाहेर कुठेतरी. थोडे पैसे, औषधं, किल्लीची जोडी. तिच्या तारखेला, तिच्या सोयीने. "कधी निघतेस" हे विचारू नका. "आज कशी आहेस" विचारा. आणि गळ्याचं, दवाखान्याचं, ती एकटी भेटली की पहिलं तेच.

पारवा:
छत्री आहे ना तुमच्याकडे.

थोरली:
आज पाच आठवड्यांनी लिहितेय. बऱ्याच जणांनी विचारपूस केली, उत्तर देता आलं नाही.

पारवा यांचा प्रतिसाद वाचून त्याच रात्री मेसेज केला. "तुझी छत्री माझ्याकडे राहिली आहे. असू दे इथेच." दुसरं काही नाही. दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं, "असू दे."

मग अधूनमधून मुलाच्या शाळेचं वगैरे. मी काहीच विचारलं नाही. फार जड गेलं, खोटं कशाला सांगू. दोनदा लिहून पुसलं.

मागच्या आठवड्यात तिच्या ऑफिसजवळ भेटलो, जेवणाच्या सुट्टीत, २० मिनिटं. गळ्याचं विचारलं. ती एकटीच डॉक्टरकडे जाऊन आली होती, आधीच, मला न सांगता. मी म्हटलं, त्या दिवशी फोनवर बोलले ते चुकीचं होतं, माझं दार बंद नाही, आणि मी आता तुझा फोन बघणार नाही. ती रडली नाही. घड्याळ बघून उठली. काल ऑफिसातल्या मुलीबरोबर एक जाड पाकीट पाठवलंय, चिकटपट्टी लावलेलं. वर तिच्या अक्षरात लिहिलंय, "हेही असू दे."

कपाटात ठेवलंय, छत्रीशेजारी.

तिसरा_प्रहर:
उघडू नका.

थोरली:
नाही उघडणार.